सैनिकाच्या जखमेला सरकारी शिक्का हवा?

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्याच कार्यालयातून 1983 साली वकिलीला आरंभ करणारे अभय ओक पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 3 डिसेंबर 2024 रोजी त्यांच्यासमोर एक अपील आले. अपील करणारे होते भारत सरकार आणि समोर उभी होती एका जवानाची विधवा! जानेवारी 2013 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेलगत, 'ऑपरेशन रक्षक'च्या तैनातीत, गोठवणाऱ्या थंडीत हा जवान रात्रीची गस्त घालून आला आणि त्याला श्वास घेणे कठीण झाले. हवामान इतके विपरीत होते की हेलिकॉप्टर उडू शकले नाही. सहकाऱ्यांनी त्याला पायी खाली आणले. पण उशीर झाला होता.

प्रारंभी लष्करी कागदपत्रांत या मृत्यूची नोंद युद्धहानी अशी झाली. नंतर कुणाच्या तरी लेखणीने तिचे रूपांतर 'सैनिकी सेवेमुळे झालेली शारीरिक हानी' असे केले. दोन शब्दांचा फेरफार! पण त्या फेरफाराने विधवेचे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन हिरावले गेले. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने 2019 मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. तेवढ्यावर विषय संपायला हवा होता. सरकारने मात्र तिला दिल्लीपर्यंत ओढले. न्या. ओक आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने अपील फेटाळले, या विधवेला इथवर ओढायलाच नको होते असे स्पष्ट सुनावले आणि सरकारवर 50 हजार रुपयांचा खर्च बसवला.

एका खटल्यापुरती ही गोष्ट असती, तर एखाद्या बेपर्वा कारकुनाला दोष देऊन मोकळे होता आले असते. परंतु जखम घेऊन जिवंत परतणाऱ्या हजारो जवानांच्या वाट्याला याच वृत्तीचा अनुभव येत आला आहे. देशासाठी देह झिजवलेल्या माणसाकडे शासनयंत्रणा आरोपी म्हणून पाहते आणि त्याने आपली व्याधी आधी निर्दोष सिद्ध करावी अशी अपेक्षा ठेवते. कायदा तर याच्या नेमके उलट सांगतो.

लष्कराच्या 1961 च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार अपंगत्वामुळे सेवेबाहेर काढलेल्या सैनिकाचे अपंगत्व 20 टक्के वा अधिक असेल आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले वा सेवेमुळे बळावलेले असेल, तर त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. मग ते सेवेमुळे झाले हे सिद्ध कुणी करायचे? 1982 च्या पात्रता नियमांनी याचे उत्तर निःसंदिग्ध दिले होते. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तरुणाला पारखून घेतले, कागदावर कोणत्याही व्याधीची नोंद केली नाही, म्हणजे तो धडधाकट होता. नंतर जे बिघडले ते सेवेत बिघडले असे मानायचे, दाव्याच्या सिद्धतेचे ओझे सैनिकावर टाकायचे नाही आणि वाजवी संशयाचा लाभ त्यालाच द्यायचा. 2008 च्या नियमांनी ही भाषा काहीशी पातळ केली, तरी सामान्यतः दावेदाराकडून सिद्धता मागू नये हे सूत्र त्यांतही राहिले.

प्रत्यक्षात काय घडते? निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ बसते. अपंगत्व किती टक्के हे ठरवते आणि पुढच्या रकान्यात शेरा मारते, 'सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले नाही, बळावलेलेही नाही.' का नाही? तर व्याधी 'प्रकृतिजन्य' आहे, किंवा ती शांतता क्षेत्रात नेमणूक असताना प्रकटली! सियाचीन, द्रास, तवांग करून आलेल्या माणसाचा रक्तदाब पुण्यात वा झाशीत मोजला गेला, म्हणून तो पुण्यातच जन्मला असे समजायचे काय? उंचावर, विरळ हवेत, झोपेविना काढलेली वर्षे शरीर विसरत नाही. फाइल मात्र विसरते.

गोळी लागलेल्या वा सुरुंगात पाय गमावलेल्या जवानाची तरी सुटका होते, असा अनेकांचा समज आहे. तोही पुरता खरा नाही. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्राने मृत्यू आणि अपंगत्व यांची 'अ' ते 'इ' अशी वर्गवारी केली. सेवेमुळे जडलेली व्याधी एका वर्गात, कर्तव्यावरचा अपघात दुसऱ्या, आणि शत्रूची कारवाई, सुरुंग, युद्धसदृश मोहीम शेवटच्या वर्गात. 100 टक्के अपंगत्व असेल तर सामान्य अपंगत्वाचा घटक अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के. हीच जखम युद्धजखम ठरली आणि तिच्यामुळे सैनिकाला सेवेबाहेर पडावे लागले, तर तो घटक अखेरच्या वेतनाएवढा! म्हणजे पाय एकच, वेदना एकच, पण घटनेच्या अहवालात 'गस्तीवर असताना' लिहिले की 'वाहन अपघात' लिहिले, यावर संसाराचे गणित ठरते. तो अहवाल लिहिताना जवान बहुधा इस्पितळात बेशुद्ध असतो. त्याच्या अपरोक्ष लिहिलेल्या चार ओळींचे परिणाम तो पुढची चाळीस वर्षे भोगतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत असे किती जण असतील? बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असणारा किंवा गृहसंकुलाच्या फाटकाशी वहीत गाड्यांचे क्रमांक टिपणारा गृहस्थ अनेकदा माजी सैनिक असतो. त्याच्या सेवेचे कागद बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयात. तोफखान्यात असेल तर नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातील सागरला. निवृत्तिवेतनाचा निर्णय प्रयागराजच्या लेखा कार्यालयात. नकार आला की पहिले अपील, दुसरे अपील, मग न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. बारा तासांची पाळी करणाऱ्याने ही यात्रा केव्हा करायची? इंग्रजीत आलेले नकाराचे एकपानी पत्र तो घडी घालून कपाटात ठेवतो आणि नशिबाला दोष देतो. सरकारला मुदतीची फिकीर नसते. सैनिकाला मात्र ती जड पडते. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाचा हक्क मान्य केला, पण उशिरा दाद मागणाऱ्याची थकबाकी अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. वीस वर्षे कपाटात राहिलेल्या पत्राची किंमत ही!

न्यायालये कमी पडली असे मात्र कुणी म्हणू नये. सिग्नल्सच्या धर्मवीर सिंग या जवानाला सुमारे 9 वर्षांच्या सेवेनंतर 1994 मध्ये अपस्माराच्या कारणाने घरी पाठवले गेले. निवृत्तिवेतन नाकारले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला 2 जुलै 2013 रोजी. एकोणीस वर्षे! त्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की सिद्धतेचे ओझे सैनिकावर नाही आणि वैद्यकीय मंडळाने कारणे न देता मारलेला शेरा ग्राह्य नाही. 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात, सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही अपंगत्वाच्या टक्केवारीचा वरचा टप्पा लागू असल्याचे ठरले. फेब्रुवारी 2015 मध्ये राजबीर सिंग प्रकरणात सरकारची अपिले पुन्हा फेटाळली गेली. एवढे झाल्यावर कोणताही शहाणा पक्षकार आपले दावे मागे घेईल. सरकारी विधी विभागाने तेच मुद्दे, तेच युक्तिवाद घेऊन नव्या न्यायालयांची दारे ठोठावली. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले की व्याधी शांतता क्षेत्रात प्रकटली एवढ्या कारणाने सैनिकाला हाकलता येणार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये या न्यायालयाने केंद्राच्या सुमारे 300 याचिका एकत्रितपणे फेटाळल्या. तीनशे! यांतील प्रत्येक याचिकेमागे एक घर आहे आणि प्रत्येक सुनावणीचा सरकारी वकील करदात्याच्या पैशावर उभा आहे.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी हे दुखणे ओळखले होते. 2015 मध्ये त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात निवृत्त सेनाधिकारी होते, कायद्याचे जाणकार होते आणि कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंगही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या अहवालात, प्रस्थापित कायद्याविरुद्ध चालवलेली अपंगत्वाची अपिले मागे घ्यावीत, असे सुचवले होते. पर्रीकर गोव्याला परतले, पुढे निवर्तले आणि अहवालातील या शिफारशीची गत काय झाली ते वरच्या तीनशे याचिका सांगतात. ज्या सरकारकडून राष्ट्रवादी समाजाने सर्वाधिक अपेक्षा ठेवली, त्याच्या कारकिर्दीतही नोकरशाहीची टिपणी बदलली नाही, हे कटू सत्य लपवण्यात काय हशील? आपल्या माणसांना जाब विचारण्याचा अधिकार आपल्यांनाच अधिक असतो.

दुसरी बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये दाखवून दिले की निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांच्या तुलनेत बरेच अधिक आहे आणि त्यात जीवनशैलीच्या आजारांचा वाटा मोठा आहे. सवलतीचा गैरफायदा घेणारे गणवेशातही असतात, हे मान्य करायलाच हवे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवी पात्रता नियमावली लागू झाली ती हा दुरुपयोग रोखण्याच्या नावाने. पण चलाख अधिकाऱ्याला अडवायचे तर वैद्यकीय मंडळांनी काटेकोरपणे तपासावे आणि सकारण लिहावे. तेवढे कष्ट टाळून सर्वांसाठीच दार अरुंद केले की फटका बसतो शिपायाला, लान्सनायकाला, हवालदाराला. अधिकाऱ्याला फाइल कशी चालते ते ठाऊक असते आणि वकील परवडतो. मुरबाड-शहापूरच्या जवानाला यातले काहीच नसते.

नववर्ष स्वागतयात्रेची परंपरा 1999 मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. या नगरीत निवृत्त बँक कर्मचारी, डॉक्टर आणि वकील यांची वाण नाही. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागणे, शेऱ्यापुढे कारणे लिहिली आहेत की नाही ते पाहणे, घटनेचा अहवाल व जखमेची नोंद मिळवणे, अपील मुदतीत पाठवणे, ही कामे एखाद्या शाखेतल्या, एखाद्या गृहसंकुलातल्या चार जाणत्या माणसांना महिन्यातल्या एका रविवारी सहज जमण्यासारखी आहेत. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थाला नमस्कार सर्वच करतात. त्याच्या कपाटातल्या पत्राची चौकशी किती जणांनी केली?

दिल्लीला मात्र वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. त्या विधवेच्या खटल्यातील 50 हजार रुपये भारत सरकारने द्यायचे होते, म्हणजे तिजोरीतून. अपील करावे अशी टिपणी ज्याने लिहिली आणि तिच्यावर ज्या ज्या टेबलावर स्वाक्षऱ्या झाल्या, त्यांची नावे त्या फाइलीत आहेत. ती नावे मंत्रालय केव्हा मागवणार?