एकजूट होत नाही, की होऊ दिली जात नाही?

महासाथ, तापते हवामान, अण्वस्त्रे ही संकटे साऱ्या मानवजातीवर एकाच वेळी कोसळत असतानाही माणसे एकत्र येत नाहीत, कारण माणूस मुळातच स्वार्थी व आपल्या टोळीपुरते पाहणारा प्राणी आहे, असा एक सिद्धान्त बूर्झ्वा वृत्तपत्रांतून मोठ्या गांभीर्याने मांडला जातो. सिद्धान्त जुनाच आहे. त्याची सोय मात्र फार मोठी आहे. दोष सर्वांचा म्हटला की तो कोणाचाच राहत नाही. ज्याने लशीचे तंत्र तिजोरीत कुलूपबंद केले तो आणि जो लशीवाचून मेला तो, असे दोघेही 'मानवजात' या एकाच मथळ्याखाली सारखेच अपराधी ठरतात!

या मखलाशीचा निकाल लावण्यास देवीच्या रोगाचा इतिहास पुरेसा आहे. १९५८ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेच्या अधिवेशनात सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी हा रोग पृथ्वीवरून समूळ नष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला. वर्ष ध्यानात घ्यावे. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि सोव्हिएत संघ कित्येक वर्षांच्या गैरहजेरीनंतर जागतिक आरोग्य संघटनेत नुकताच परतला होता. तरीही पुढच्याच वर्षी योजना संमत झाली. १९६७ साली मोहिमेने नवा जोर धरला तेव्हा तिची सूत्रे डॉ. डी. ए. हेंडरसन या अमेरिकन वैद्याच्या हाती होती आणि लशीचा फार मोठा वाटा सोव्हिएत प्रयोगशाळांतून येत होता. व्हिएतनामवर अमेरिकन बॉम्ब पडत असताना हे सहकार्य चालू राहिले. सोव्हिएत संघाने दोन दशकांत दिलेल्या मात्रांची संख्या १४० कोटींच्या घरात जाते. देवी काढण्यासाठी जी दुटोकी सुई वापरली गेली ती अमेरिकेतील वाइथ कंपनीची. त्या कंपनीने तिच्यावरील रॉयल्टी सोडून दिली. सरकारांनी मनावर घेतले म्हणजे काय होऊ शकते, याचे हे लहानसे प्रत्यंतर.

१९७४ साली बिहारमध्ये देवीची भयंकर साथ होती. देवी आलेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन आरोग्य कर्मचारी गावोगाव, घरोघर फिरले. रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस लावण्यात आले व ते अखेरीस १,००० रुपयांपर्यंत गेले. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा जगातील शेवटचा, आणि ८ मे १९८० रोजी रोगाच्या अंताची अधिकृत घोषणा झाली. मोहीम निर्दोष होती असे नव्हे. श्रीमंत राष्ट्रांनी पैसा हात आखडून दिला. शेवटच्या टप्प्यात दक्षिण आशियातील खेड्यांत बळजबरीने लस टोचण्याचे प्रकारही घडले, आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु एवढ्या अडचणींत एक अडचण नव्हती. लस कोणाची खाजगी मिळकत नव्हती.

आता २०२० पाहावे. शीतयुद्ध संपून तीन दशके लोटली होती आणि विज्ञान कितीतरी पुढे गेले होते. कोविडची लस वर्षाच्या आत तयार झाली, तीही सार्वजनिक पैशाच्या बळावर: मॉडर्नाच्या लशीत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थांचे संशोधन होते, तर बायोएनटेकला जर्मन सरकारने ३७ कोटी ५० लाख युरो दिले होते. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञान सर्वांसाठी एकत्र ठेवण्याची योजना उघडली. फायझर वा मॉडर्ना यांपैकी कोणीही तिच्यात आपले तंत्र ठेवले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनी साथीपुरती पेटंटे स्थगित करावीत असा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवला. शंभराहून अधिक देशांनी त्याला पाठिंबा दिला. म्हणजे मानवजातीचा बहुसंख्य भाग एकत्र आलाच होता! आडवे आले ते युरोपीय संघ, ब्रिटन, स्वित्झर्लंड. अमेरिकेने मे २०२१ मध्ये होकार दिला, तोही लशीपुरताच. अखेर जून २०२२ मध्ये जो निर्णय हाती आला तो मूळ प्रस्तावाचा सांगाडा होता. औषधे व तपासणीची साधने त्यातून वगळलेली होती. दरम्यान, २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फायझरने एकट्या २०२१ सालात या एका लशीपासून सुमारे ३,६८० कोटी डॉलर मिळविले. देवीनिर्मूलनाच्या १९६७ नंतरच्या साऱ्या मोहिमेचा खर्च सुमारे ३० कोटी डॉलर होता. डॉलरच्या घसरत्या किमतीची सूट धरूनही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

जिनिव्हात पेटंटांविरुद्ध बोलणाऱ्या भारत सरकारचे घरातले वर्तन तर वेगळ्याच न्यायाचे. कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून बनली तो पुण्याच्या सरकारी राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा करण्यात आला होता. लस मात्र खाजगी कंपनीच्या नावे बाजारात आली आणि एप्रिल २०२१ मध्ये, प्राणवायूवाचून माणसे मरत असताना, खाजगी रुग्णालयांसाठी तिचा दर मात्रेला १,२०० रुपये जाहीर झाला. मुंबईच्या सरकारी हाफकिनला उत्पादनाची परवानगी मिळाली ती त्याच महिन्यात, दुसरी लाट दारात आल्यावर. कसौली, कुन्नूर व चेन्नई येथील सरकारी लस-कारखान्यांचे परवाने तर २००८ सालीच निलंबित करण्यात आले होते. ज्यांनी कारखाने बंद पाडले त्यांनीच पुढे 'आपल्याकडे उत्पादनक्षमता नाही' असे सांगावे, हा युक्तिवाद नव्हे, निर्लज्जपणा आहे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथीविषयीचा करार संमत केला. विरोधात एकही मत पडले नाही. अमेरिकेने त्याआधीच, जानेवारीत, संघटनेतून बाहेर पडण्याची सूचना दिली होती. विषाणूंचे नमुने देणाऱ्या देशांना त्यांपासून बनलेल्या लशीत वाटा कसा मिळावा, हा खरा कळीचा प्रश्न मात्र परिशिष्टावर सोपवून पुढे ढकलण्यात आला. आणि उत्पादनाचे तंत्र इतर देशांना द्यावयाचे ते 'परस्परसंमतीने', असे कराराचे शब्द आहेत. ही संमती ज्यांनी द्यावयाची त्यांत २०२० साली ती न देणाऱ्या कंपन्याही आहेत.