वाडा निघालाय, सही पाहिजे



या उन्हाळ्यात लग्नांच्या निमित्ताने अकोला, मूर्तिजापूर, परतवाडा असं बरंच फिरणं झालं. जिथं गेले तिथं जेवणानंतरचा विषय एकच. वाडा विकायला काढलाय. कुणाचा सहा भावांत सामाईक, कुणाच्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून पणजोबांचंच नाव, कुणाच्या वाड्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसलेली. आणि या विषयात आपल्याला, म्हणजे त्या घरच्या लेकींना, विचारतात कधी? अगदी शेवटी. गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला, की फोन येतो: "ताई, एक सही पाहिजे."

आमच्याही माहेरचा वाडा निघालाय. बाळापूर तालुक्यातलं लहानसं गाव, पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, वर धाबं, चौकाच्या चारी बाजूंनी सागवानी खांब. मेळघाटातलं सागवान कपाशीच्या पैशातून आलेलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोचलीसुद्धा. आपल्या भागातले कितीतरी वाडे त्या काळातल्या पैशावर उभे राहिले. वाड्याची शान आपल्याला दिसते, त्याच्यामागचं सरकीचं ओझं दिसत नाही.

माझा भाचा परदेशात नोकरी करतो. त्याने मध्यंतरी मोबाइलवर फ्रान्समधल्या एका शातोची जाहिरात दाखवली. शातो म्हणजे तिकडच्या जहागीरदाराचा खेड्यातला वाडा. मनोरे, दगडी जिने, भोवती बाग, शेत, जंगल, आणि सगळं विकणे आहे! तिथं असे शेकड्याने वाडे विक्रीला असतात आणि त्यातले काही मुंबईतल्या मलबार हिलच्या एखाद्या फ्लॅटपेक्षा स्वस्त जातात. आमच्या घरी सगळ्यांना हसू आलं. मला आलं नाही, कारण गोष्ट आपलीच होती. वाडा हा शेतावर जगतो. शेत गेलं की वाडा उपाशी मरतो. तिकडे द्राक्षमळ्यांना कीड लागली, पहिल्या महायुद्धात घरचे पुरुष गेले, मजूर शहरात गेले, आणि उरलं फक्त गळकं छप्पर. इकडे १९५० च्या कायद्याने मालगुजाऱ्या संपल्या, १९६१ मध्ये कमाल जमीन धारणेचा कायदा आला, मग मुलं शिकून पुण्याला गेली. बाकी दोन्हीकडे सारखंच.

एक गोष्ट मात्र सारखी नाही. फ्रान्समध्ये थोरल्या मुलानेच सगळं घ्यायची रीत राज्यक्रांतीत मोडली आणि १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने मुलगा-मुलगी दोघांना वारसा समान दिला. बापाने मृत्युपत्र करून लेकीला पूर्ण वगळायचं म्हटलं तरी तिथला कायदा करू देत नाही, मुलांचा ठरावीक हिस्सा राखलेलाच असतो. म्हणून "पोरींना वाटा दिला की वाडे मोडतात" हे जे आपल्याकडे ओसरीवर बसून सांगितलं जातं, ते मला पटत नाही. दोनशे वर्षं लेकींना वाटा देऊनही त्यांचे हजारो वाडे उभे आहेत. आपले तर लेकींना न देताच पडले.

आपल्याकडचा कायदा जरा सविस्तर सांगते, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, तसं त्यातच लिहिलेलं आहे. १९५६ च्या मूळ कायद्यात कलम २३ होतं. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा असला तरी राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नव्हती. भाऊ आपसांत वाटणी करतील तेव्हाच तिचा नंबर. म्हणजे शेतात तू वारस आणि वाड्यात तू पाहुणी! २००५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकलं आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मानेच मुलासारखी हिस्सेदार झाली. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षं गोंधळ होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरून काढता येत नाही. तुमच्या घरचे कागद वेगळे असतील, वकिलाला दाखवा. पण हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी दाखवा, नंतर नको.

आता नाजूक बाब. आमच्या आत्या ऐंशीच्या पुढच्या. रोज देवदर्शन झाल्याशिवाय चहा नाही. त्या मला म्हणाल्या, "काऊन वो पोरी, आपल्या धर्मात अपरिग्रह सांगतेत अन् तू वाटा मांगून रायली? मी तं साडी-चोळी घेतली अन् सही करून मोकळी झाली."

आत्यांचा मी मान राखते. पण अपरिग्रहाचा हा अर्थ मला मान्य नाही, आणि तो भावांच्या तोंडून ऐकला की तर मुळीच नाही. परिग्रह-परिमाण हे व्रत आहे, ते ज्याचं त्याने घ्यायचं असतं. माझ्या परिग्रहाचं माप माझा भाऊ कसं घालणार? आणि त्याग कशाचा करता येतो? जे आपलं आहे त्याचा. जे आपलं आहे हेच कुणी कबूल केलेलं नाही, ते सुटलं तर त्याला त्याग म्हणत नाहीत, गेलं म्हणतात. आधी हिस्सा कागदावर येऊ द्या. मग तो भावाला द्यावासा वाटला तर आनंदाने द्या, मुलीच्या शिक्षणाला द्या, ज्ञानदानात द्या, आहारदानात द्या. ते दान होईल आणि दान देणारीचं नावही राहील.

दानावरून मुक्तागिरी आठवलं. आपण सगळ्या तिथं जातो, धबधब्यापाशी फोटो काढतो, ५२ मंदिरांची वंदना करून खाली येईपर्यंत पाय भरून येतात. पण ती टेकडी एके काळी मालगुजारीतली मिळकत होती, हे किती जणींना माहीत आहे? टेकडी खापर्डे मालगुजारांकडे होती. सिद्धक्षेत्रावर लोक चपला-जोडे घालून वावरत, शिकारीलाही येत. तेव्हा १९२३ मध्ये अचलपूरचे नत्थूसा पासूसा कलमकर यांनी रायसाहेब रुखबसंगई आणि गेंदालाल बड यांच्यासोबत ती टेकडी रीतसर विकत घेतली. मोर्चा नाही, भांडण नाही, खरेदीखत. आज क्षेत्राचा पत्ता मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्याचा आहे, पण ते राखलं गेलं आपल्या वऱ्हाडातल्या माणसांच्या पैशाने. विक्री म्हणजे नेहमी नुकसानच असं नाही हे मला तिथं कळतं. कुणाला विकलं यावर ते आहे.

फ्रान्समध्येही असंच एक उदाहरण घडलं. ला मोत-शांदनिए नावाचा जुना शातो १९३२ मध्ये आगीत सापडला, नंतर त्यात झाडं वाढली, खंदकात पाणी, भिंतींतून फांद्या. बिल्डरला जाईल अशी भीती होती. २०१७ मध्ये पंचवीस हजारांवर माणसांनी इंटरनेटवरून थोडे थोडे पैसे काढले आणि पाच लाख युरोंना तो विकत घेतला. माणशी पन्नास युरोपासून. आपल्याकडे पंचकल्याणकाला बोल्या लाखांत जातात आणि ते मला वाईट वाटत नाही, भक्तीच आहे ती. पण गावातला एखादा चांगला वाडा घेऊन तिथं त्यागींच्या मुक्कामाची किंवा शिकणाऱ्या मुलींच्या राहण्याची सोय करू, असं आपल्या बैठकीत कुणी बोललं की लगेच "देखभाल कोण करणार" येतं. बरोबर आहे, देखभाल हाच खरा प्रश्न आहे. दरवर्षी धाब्यावर माती टाकावी लागते, वाळवी बघावी लागते. सगळे वाडे वाचणार नाहीत आणि वाचवूही नयेत. कुलूप लावून फक्त घराण्याच्या अभिमानासाठी पडू द्यायचा, त्यापेक्षा विकलेला बरा असं माझं स्पष्ट मत आहे.

पण विकायच्या आधी आत काय आहे ते तरी पाहा! आमच्या वाड्यात माजघराला लागून गृहचैत्यालय होतं. वाडा बंद झाल्यावर रोजचा अभिषेक कोण करणार, म्हणून पार्श्वनाथांची मूर्ती विधिपूर्वक गावच्या मंदिरात नेली, ते आजी असतानाच झालं. मूर्तीची काळजी सगळे घेतात. कोनाड्यातल्या वेष्टणात बांधलेल्या पोथ्यांची कुणी घेत नाही. त्या वाड्याबरोबर जातात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर, जुन्या वह्या आणि लोखंडी पेट्यांबरोबर.

आणि हे कुठे? आपल्या वऱ्हाडात! कारंजाच्या मंदिरांतल्या भांडारांतल्या पोथ्या कुणीतरी नीट जपल्या, म्हणून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांना त्यांतले अपभ्रंश ग्रंथ १९३० च्या दशकात छापता आले. त्याच हिरालालजींच्या संपादनात षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहूनच निघाला. शतकानुशतकं मूडबिद्रीत ताडपत्रांवर बंद असलेलं श्रुत आपल्या गावातून छापून जगापुढे आलं. श्रुतपंचमीला आपण ग्रंथांना ऊन दाखवतो, पूजा करतो. मग ज्या घरात पोथी निघेल ते घर विकण्याआधी ती पोथी ओळखणाऱ्या माणसाला दाखवायला एक दिवस काढायला काय हरकत आहे?

घराच्या वह्याही टाकू नका. आमच्या पणजीच्या हातची एक वही मला सापडली. त्यात लोणच्याचं प्रमाण आहे, चातुर्मासात कोणकोणत्या भाज्या सोडल्या त्याची यादी आहे, आणि मध्येच एका पानावर कुणाला किती मण ज्वारी उसनी दिली ते आहे. बळदातल्या धान्याचा हिशोब ती ठेवत होती. आणि वाड्याच्या कागदांवर तिचं नाव एकदाही नाही.

दादाला मी पत्रच लिहिलं, फोनवर या गोष्टी नीट बोलता येत नाहीत. लिहिलं की वाडा विकायला माझी ना नाही. विक्रीखतावर हिस्सेदार म्हणून सही करायला मी येईन, हक्कसोड पत्रावर करणार नाही. आधी एका रविवारी आपण चौघं भावंडं मिळून वाड्याचं माप घेऊ, प्रत्येक खणाचे फोटो काढू, पोथ्या आणि वह्या वेगळ्या काढू. गिऱ्हाईक म्हणून आधी आपल्या समाजाला आणि गावच्या शाळेला विचारू, महिनाभर वाट पाहू. त्यांचं जमलं नाही तर सागवानवाल्याला द्यायचा असेल तर द्या. माझ्या हिश्शाचं मी काय करीन ते मी ठरवीन.

दादाचं उत्तर अजून आलेलं नाही. वहिनीचा मात्र परवा फोन आला, दुपारी, सगळे झोपल्यावर. तिच्या माहेरी दर्यापूरला पण वाडा निघालाय. ते राहत्या घराचं रद्द झालेलं कलम कोणतं ते विचारत होती.