विस्तार कोणाचा, नाव कोणाचं?

आपल्या महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. चौघांचं काम तीन शब्दांत सांगतात... शिक्षण, संशोधन आणि विस्तार. यातला 'विस्तार' मला कायम खटकतो. विस्तार म्हणजे विद्यापीठात तयार झालेलं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायचं. म्हणजे डाटा एकाच दिशेनं वाहणार! बांधावरून विद्यापीठाकडे जे जातं, त्याला शब्दच नाही.

आणि जातं ना, भरपूर जातं. एचएमटी तांदळाचीच गोष्ट घ्या.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (मराठवाड्यातलं नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्याच, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पेरल्या, दरवर्षी निवडत गेले. काही वर्षांनी बारीक दाण्याचा, चवीला फर्मास असा नवा वाण हाती आला. व्यापाऱ्यांनी त्याला नाव दिलं एचएमटी, तेव्हाच्या घड्याळांवरून. गंमत म्हणजे मूळचा 'पटेल ३' हा जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आलेला. म्हणजे विद्यापीठानं दिलं, शेतकऱ्यानं त्यात भर घातली. इथपर्यंत सगळं छान.

१९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं दादाजींकडून ५ किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. १९९८ साली विद्यापीठाचा नवा वाण बाजारात आला. नाव काय? 'पीकेव्ही-एचएमटी'. श्रेय मिळालं नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. विद्यापीठाचं म्हणणं असं की आम्ही मूळ वाण शुद्ध केला.

आता हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. बियाणं शुद्ध करणं, वर्षानुवर्षं चाचण्या घेणं हे कष्टाचं काम आहे, आणि त्यामुळेच लांबच्या शेतकऱ्याला खात्रीचं बी मिळतं. पण आमच्या धंद्यात यावर एक साधा नियम आहे. ओपन सोर्समध्ये तुम्ही कुणाचाही कोड घ्या, त्यातले बग काढा, चकाचक करून वाटा. कुणी अडवत नाही. फक्त मूळ लेखकाच्या नावाची ओळ तेवढी काढायची नाही. कितीही उदार लायसन्स असलं तरी एवढी अट बहुधा असतेच. हजारो ओळी नव्यानं लिहिल्या म्हणून पहिल्या माणसाचं नाव पुसायचा हक्क मिळत नाही. मग जी गोष्ट कॉलेजातल्या पोराला कळते, ती विद्यापीठाला कळू नये?

कायदाही नंतर शहाणा झाला. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्यालाही 'पैदासकार' म्हणून स्वतःच्या वाणाची नोंदणी करायचा हक्क दिला. दादाजींना २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० साली 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं. सत्कार झाले हो, पण सत्कारानं घर चालत नाही. ३ जून २०१८ ला ते गेले, तेव्हा अखेरच्या आजारपणात उपचाराच्या खर्चाचीही ओढाताण होती.

तर माझा मुद्दा असा: विद्यापीठ आणि गाव यांची भागीदारी म्हणजे शेतकरी मेळावा, दोन दिवसांचं शिबिर आणि पेपरात फोटो नव्हे. भागीदारी म्हणजे हिशोब. गावातून काय नेलं, गावाला काय परत केलं, याची दोन खाती. बियाण्याच्या पिशवीवर शेतकऱ्याचं नाव हवं. विक्रीतला वाटा ठरलेला हवा, मेहरबानी म्हणून नव्हे. आणि प्रयोगाचे निष्कर्ष ग्रामसभेत, मराठीत, ज्यानं बी दिलं त्याच्यासमोर वाचून दाखवायला हवेत.

हे फक्त शेतीपुरतं नाही. आम्ही इंजिनिअरिंगवाले तरी वेगळं काय करतो? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटलं की लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, नाहीतर कुणाचा तरी जुना कोड! आणि कॉलेजच्या कुंपणापलीकडच्या गावात उन्हाळ्यात टँकर का येतो, हे कुणी विचारत नाही. २०१६ साली राज्य सरकारनं उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं, ते यासाठीच: कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्यातले पाण्यासारखे प्रश्न अभ्यासावेत. कल्पना झकास आहे, पण तिथेही तीच मेख. माहिती गावानं द्यायची आणि रिपोर्ट कॉलेजच्या कपाटात जायचा, असं झालं तर तो पुन्हा 'विस्तार'च, फक्त उलट्या दिशेचा.

सरकारी विद्यापीठं आपल्या करातून चालतात. धान पिकवणारा माणूसही काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर भरतो. त्यानं आपल्याच विद्यापीठाला बी द्यायचं आणि वर स्वतःचं नाव शोधत फिरायचं, हे काही बरोबर नाही.

एचएमटी तांदूळ तुमच्याही घरी कधीतरी शिजला असेल. त्यामागचं नाव तुम्हाला माहीत होतं का?