इंटरनेटच्या फोनला जोडीदार हवाच

बाजार समिती, दूध संघ, साखर कारखाना, शेतकरी उत्पादक कंपनी अशा ठिकाणचे फोन हळूहळू तारेवरून इंटरनेटवर चालले आहेत. एका नंबरावर दहाजण फोन घेऊ शकतात, बिलही कमी येते. आमचा याला विरोध नाही. पण ही यंत्रणा घेताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : ती बंद पडली तर काय?

जुन्या टेलिफोनची एक गोष्ट आपण विसरलो. गावची लाईट गेली तरी तो वाजायचा, कारण त्याला ४८ व्होल्टची वीज एक्सचेंजच्या बॅटरीवरून तारेतूनच मिळायची. इंटरनेटच्या फोनचे तसे नाही. फोन, राउटर आणि सर्व्हर, तिघांनाही वीज लागते. सर्व्हर म्हणजे कॉल जोडून देणारा संगणक. ऑफिसातला प्रत्येक फोन ठरावीक वेळाने त्याच्याकडे हजेरी लावतो. हजेरी घेणाराच झोपला, की सगळे फोन एकदम मुके.

अन् हे नेमके अडचणीच्या दिवशीच होते. ज्या वादळाने पीक आडवे होते, तेच वादळ विजेचे खांबही पाडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडची कित्येक गावे अंधारात होती. कांद्याची गाडी भरून उभी आहे, लिलाव चालू की बंद हे विचारायचे आहे. रात्री गाय विताना अडली आहे, संघाच्या डॉक्टरला बोलवायचे आहे. तेव्हा पलीकडे कोणी उचलतच नसेल, तर नुकसान शेतकऱ्याचे. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे, १८००-१८०-१५५१ या नंबरावर पिकाचा सल्ला तिथे मिळतो. पण तुमच्या संघाचा डॉक्टर तिथून कसा मिळणार?

म्हणून दुसरा सर्व्हर हवा. तो त्याच खोलीत, त्याच इन्व्हर्टरवर ठेवला तर उपयोग नाही. पाणी शिरले तर दोन्ही जातील. जमल्यास दुसऱ्या गावी ठेवावा. इंटरनेटच्या लाईनीही दोन वेगळ्या कंपन्यांच्या अन् वेगळ्या वाटेने आलेल्या असाव्यात. नाहीतर रस्ता खोदणारा जेसीबी एका दणक्यात दोन्ही तोडतो.

नुसता सर्व्हर आणून भागत नाही. पहिला उत्तर देईना तर कुठे जायचे, हा दुसरा पत्ता प्रत्येक फोनमध्ये भरलेला पाहिजे. नंबरांची यादी दोन्हीकडे सारखी पाहिजे. नंबर देणाऱ्या कंपनीलाही दुसरा पत्ता कळवून ठेवावा. हे राहिले, तर आतून बाहेर फोन लागतात, बाहेरून आत मात्र येत नाहीत. दोन्ही सर्व्हर बसले तर कॉल एखाद्या मोबाईलवर वळावा, एवढी सोयही त्याच कंपनीकडून करून घ्यावी.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. एस्टेरिस्क हे कॉल सर्व्हरचे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये निघाले, ते फुकट मिळते. छोट्या ऑफिसाला साधा संगणकही पुरतो. लागतो तो जाणता माणूस.

आणि लागते ती चाचणी. पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो, तसेच इथे. महिन्यातून एकदा पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि बाहेरच्या मोबाईलवरून फोन लावून बघा. चालू असलेले बोलणे तुटेल, त्याला हरकत नाही. पुन्हा लावल्यावर लागले म्हणजे झाले. तारीख रजिस्टरात लिहा.

संचालक मंडळाने ही चाचणी आपल्या डोळ्यांदेखत झाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये. आणि सभासद बंधूंनो, येत्या वार्षिक सभेत ऊसदर, दूधदर जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की आपला दुसरा सर्व्हर कुठे आहे अन् शेवटचा कधी चालवून पाहिला? उत्तर रजिस्टरातून आले पाहिजे, तोंडी नको.