लांब काठी हवीच, पण किती लांब?

जयपुरात बसून ट्राउटच्या काठीवर वाद घालणं हास्यास्पद आहे, हा आक्षेप आधीच मान्य करून टाकतो. ज्या रामगढ तलावावर १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या, तो पुढे आटला. शहर पितं ते बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं पाणी, आणि तिथले मासे म्हणजे रोहू-कटला. ट्राउट गरवायचे तर दिल्ली, औट, बंजार असं करत हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठी जावं लागतं, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीची बंदी उठल्यावर. पण म्हणूनच काठीचा प्रश्न जयपूरकराला जास्त जाचतो. नदी दाराशी असलेला माणूस चुकीची काठी पुढच्या आठवड्यात बदलतो. इथून जाणाऱ्याला वर्षाकाठी मोजके दिवस मिळतात, आणि बदलून घ्यायला तिथे दुकान नसतं.

वाद आहे तो ताणलेल्या दोरीच्या, म्हणजे ‘टाइट-लाइन’ निम्फिंगच्या काठीचा. या पद्धतीत फ्लाय फिशिंगची जाड दोरी काठीच्या टोकाबाहेर जवळजवळ येतच नाही. टोकापासून पुढे लांब, बारीक तंगूस. त्यात नजर ठेवायला भडक रंगाचा एक तुकडा. आणि शेवटी निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल, डोक्याला टंगस्टनचा मणी लावलेली. नदीच्या तळाशी घरंगळणाऱ्या त्या नक्कलेपासून काठीच्या टोकापर्यंत तंगूस ताणलेला राहिला, तरच माशाने तोंड लावल्याचं कळतं. संक्रांतीला जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरात, गच्चीवर उभ्या असलेल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही: मांजाला झोळ पडला की पतंगाची खबर बोटाला लागत नाही.

आता पहिला पूर्वपक्ष. ‘घरात नऊ फुटी, पाच नंबरची काठी आहे. तिलाच लांब तंगूस बांधा. जाड दोरीचं ओझं गेलं, झोळ गेला. वेगळी काठी ही निव्वळ चैन.’ हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. झोळ पडतो तो मुख्यतः दोरीच्या वजनाने, आणि बारीक तंगूस लावला की तो बराचसा जातो, हे खरंच आहे. पण काठीवरचा नंबर कशाचा असतो ते पाहा. पाच नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. काठीचा सगळा वाक त्या नऊ ग्रॅमांच्या हिशोबाने बांधलेला असतो. टंगस्टन शिशाच्या जवळपास पावणेदोनपट जड, तरीही तीन मिलिमीटरचा मणी लावलेली निम्फ भरते पाव ग्रॅमच्या आसपास. दोन बांधा, अर्धा ग्रॅम. नऊ ग्रॅमांसाठी घडवलेलं टोक अर्ध्या ग्रॅमला ढिम्म हलत नाही. मग फेक खांद्याच्या जोरावर करावी लागते आणि तंगूस पाण्यावर गुंतवळ्यासारखा पडतो. खरं नुकसान तर पुढेच आहे. शेवटचा तंगूस ०.१२ मिलिमीटरचा. मासा लागल्यावर मनगटाने झटका दिला की ताठ टोक तो झटका जसाच्या तसा खाली पोचवतं, आणि मासा निम्फ घेऊन जातो. तंगूस बदलून झोळ जातो, टोक बदलत नाही.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा: दोरीच फेकली नाही, तर हे फ्लाय फिशिंग कसलं? निम्फ चालेल की नाही यावर लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात १९३८ साली रीतसर वादसभा झाली होती. निम्फची बाजू घेणारे स्क्यूझ तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यानंतर निम्फ काही थांबली नाही. शिवाय ज्याच्यासाठी हे सोवळं पाळायचं, तो ब्राउन ट्राउट स्वतःच पाहुणा. त्याची अंडी इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर काश्मिरात आणली आणि १९०९च्या सुमारास तो कुल्लूत पोचला. पुढे जाऊ.

तिसरा पक्ष माझ्याच बाजूचा, म्हणून जास्त त्रासदायक. ‘खास काठी घ्यायचीच तर अकरा फुटी घ्या, दोन नंबरची. जगज्जेते तीच वापरतात.’ वापरतात खरे, पण का? जागतिक स्पर्धांच्या नियमाप्रमाणे दोरीपुढचा तंगूस काठीच्या दुपटीहून लांब ठेवता येत नाही. म्हणजे काठी फूटभर लांब घेतली की तंगूस दोन फूट जास्त मिळतो. ही त्यांची गरज. तीर्थनच्या काठी कुणी पंच टेप घेऊन उभा नसतो. तंगूस हवा तेवढा लांब बांधा. उलट लांबीची किंमत मात्र सगळ्यांनाच मोजावी लागते. टोक मुठीपासून जितकं दूर, तितकं फेकीनंतर जास्त वेळ थरथरतं, आणि त्या थरथरीत माशाचा हलका स्पर्श हरवतो. वरून काठावरच्या फांद्या पाण्यावर ओणवलेल्या, धोंड्यांमधले खळगे चार पावलांवर. तिथे अकरावा फूट झाडात अडकवण्याच्याच कामाचा.

मग घ्यावी ती दहा फुटी, तीन नंबरची, चार तुकड्यांची. नवव्या फुटापुढचा तो एक फूट, हात वर धरला की, मधल्या वेगवान धारेवरून तंगूस उचलून पलीकडच्या संथ पाण्यात निम्फ चालवू देतो. तीन नंबर म्हणजे १०० ग्रेन. पण इथे त्या आकड्याचा दोरीशी संबंध उरत नाही, बारीक तंगूस सांभाळण्याइतकं टोक मऊ आहे एवढीच तो खूण. टोक मऊ आणि बुंधा कणखर, हे दोन्ही एकाच काठीत असणं हीच खास काठीची कारागिरी, आणि पैसे द्यायचे ते तिचे. ज्याला याच काठीने सोनेरी महसीरही ओढायचा आहे त्याने मात्र ती घेऊ नये. त्याला आठ-नऊ नंबरची लागेल, आणि एका काठीत दोन्ही बसवण्याचा नाद सोडावा.

जयपुरात ही पारख गच्चीवर होते. काठी जोडा, तंगूस आणि एकच निम्फ बांधा, गळाचं टोक आधी मोडून टाका. मनगटाच्या छोट्या हालचालीने निम्फ समोरच्या कुंडीपर्यंत जाते का ते बघा. टोक वाकताना दिसलं पाहिजे. मग रीळ लावून, मुठीच्या पुढच्या कडेखाली एक बोट धरून काठी तोला. टोक खाली कललं तर दिवसभर हात लांब धरून मनगट भरून येणार. काठीचा यात दोष नसतो, रीळ हलकं पडलेलं असतं. या पद्धतीत रिळाला दोरी सोडायचं काम जवळजवळ नसतंच, मागून तोल धरायचं असतं. तेव्हा ‘सगळ्यात हलकं रीळ’ म्हणून जास्तीचे पैसे मागणाऱ्या दुकानदाराला सरळ नाही म्हणावं.