इंजिन बदलले, सुकाणूचे काय?

जुनी मोटार विकण्याऐवजी तिचे इंजिन बदलून घेण्याकडे अनेक व्यापारी कुटुंबांचा कल असतो. दुकानाचा माल वाहिलेली, घरची लग्नकार्ये पाहिलेली गाडी मोडीत काढणे जिवावर येते आणि नव्या कर्जाचा हप्ताही नको असतो. हिशेब वरकरणी चोख वाटतो. परंतु त्यात पॉवर स्टिअरिंगचा खर्च बहुधा मांडलेलाच नसतो. इंजिन सुरू होते, गाडी धावते आणि स्टिअरिंग मात्र दगडासारखे जड राहते. ‘हळूहळू सवय होईल’ असे सांगून गाडी ताब्यात दिली जाते. ही सवय करून घेण्यात शहाणपण नाही.

पॉवर स्टिअरिंगची कल्पना अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये चालत्या गाडीवर सिद्ध केली. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून आली. तत्त्व साधे आहे. इंजिनाच्या पुलीवरील बेल्ट एक पंप फिरवतो, पंप तेलावर दाब निर्माण करतो आणि तो दाब चाके वळवण्यास हातभार लावतो. म्हणजे पंप स्टिअरिंगचा असला तरी त्याचे बिऱ्हाड इंजिनावर असते. इंजिन उतरले की पंपही उतरतो. नव्या इंजिनावर त्याला जागा, ब्रॅकेट वा पुली नसली की तो गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो.

पंपाविना स्टिअरिंग फिरते, कारण चाकांशी असलेला यांत्रिक सांधा कायम असतो. परंतु मुळात साध्या स्टिअरिंगच्या गाडीपेक्षाही ते जड लागते. कारण त्याची रचना मदत गृहीत धरून केलेली असते आणि आतील तेलही हातांच्या जोरावरच ढकलावे लागते. कार्लेखिंडीतील वळणे, अलिबागच्या अरुंद आळ्या किंवा मांडव्याच्या रो-रो बोटीत गाडी लावताना घ्यावी लागणारी मागेपुढे, या प्रत्येक ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते. घरातील वडीलधारे किंवा सुना-मुली गाडी चालवत असतील तर हा प्रश्न सोयीचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

दुरुस्तीचे मार्ग तीन आहेत. पहिला, जुना पंप नव्या इंजिनावर ब्रॅकेट घडवून बसवणे. पंप आणि स्टिअरिंगचा संच परस्परांना अनुरूप असल्याने हा मार्ग सर्वांत निर्धोक. मात्र सर्व पुल्या एका रेषेत हव्यात. थोडा तिरपेपणाही बेल्ट किंचाळायला, झिजायला आणि शेवटी निसटायला पुरतो. दुसरा, नव्या इंजिनासोबतचा पंप ठेवून दोन्ही टोकांना जुळणारी दाबनळी करून घेणे. येथे पंपाचा प्रवाह आणि दाब संचाला मानवतो का, हे पाहणे अगत्याचे. तिसरा, विजेवर चालणारा स्वतंत्र पंप बसवणे. त्याला जाड वायर, योग्य फ्यूज आणि सक्षम अल्टरनेटर लागतो. ज्या गाड्यांत मुळातच विजेच्या मोटरचे स्टिअरिंग आहे, तेथे पंपाचा प्रश्न नसतो. तेथे इंजिनाची फेरगती आणि गाडीचा वेग यांचे संदेश स्टिअरिंगच्या नियंत्रकापर्यंत पोहोचावे लागतात, अन्यथा मदत मिळत नाही.

काटकसर दाबनळीत कधीही करू नये. टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. स्टिअरिंगच्या नळीत पूर्ण वळणावर दाब १,००० पीएसआयच्या वर जातो. साधी रबरी नळी क्लिपने आवळून तेथे चालत नाही. ती फुटून तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आग लागू शकते. तेल भरल्यावर पुढची चाके उचलून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून हवा काढावी. तेलात फेस दिसला तर काम अपुरे आहे. खाऱ्या वाऱ्यामुळे ब्रॅकेट आणि नळीची लोखंडी टोके लवकर गंजतात. म्हणून दर पावसाळ्यानंतर तपासणी आवश्यक.

आता कागदपत्रांची बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच जातीचे इंजिन बसवले तरी त्याचा नवा क्रमांक पेणच्या परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा. गाडीवर बँकेचा बोजा असल्यास बँकेची लेखी संमती आधी घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. विम्याचा करार परम विश्वासाचा असतो. दडवलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर दावा अडचणीत येतो.

हिंदुस्थान मोटर्सने १९९० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅम्बॅसडरला इसुझूचे इंजिन दिले, तेव्हा गिअरबॉक्सही नवा, पाच गतींचा दिला. इंजिन कधी एकटे येत नाही, हेच खरे. म्हणून गॅरेजकडून अंदाजपत्रक घेताना पंप, ब्रॅकेट, पुली, बेल्ट, दाबनळी आणि तेल यांची स्वतंत्र कलमे लिहून मागावीत, आणि स्टिअरिंग पूर्ववत हलके होईपर्यंत शेवटचा हप्ता हाती ठेवावा. एवढे केल्यावरही एकूण रक्कम गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर जिव्हाळा बाजूला ठेवून ती गाडी निरोपास योग्य मानावी.