डोंगर आपला, अट आपली



कळसूबाईची गोष्ट आपल्या घराघरात सांगतात. तरी पुन्हा सांगते, कारण आज तिची गरज आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची तिला भारी आवड. डोंगराच्या पायथ्याला एका घरी ती कामाला राहिली. पण राहायच्या आधी तिनं अट घातली : भांडी घासणार नाही आन् केर काढणार नाही, बाकी काय ते सांगा. काही दिवस बरं चाललं. मग एक दिवस घरच्यांनी तिला भांडी घासायला लावलीच. तिनं घासली, आणि तशीच उठून डोंगरावर गेली. परत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि राहिली ते शिखर कळसूबाई. १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात त्याच्यावर डोंगर नाही.

आता त्याच शिखरावर शनिवार-रविवारी शहरातल्या पोरापोरींची रीघ लागते. लोखंडी शिड्यांवर उभं राहायला जागा नसते. आणि खाली कळसूच्या लेकी त्यांची ताटं घासत बसतात. मी पण घासली. म्हणून लिहिते आहे.

बारावी झाल्यावर पुढं शिकायला पैसा नव्हता. काजव्यांच्या दिवसांत धरणाच्या कडेला तंबू लागतात, तिथं दोन हंगाम कामाला गेले. माझी आय पण होती. एका पाहुण्याकडून एका रात्रीचे पंधराशे घेत होते. आम्ही चौघी बाया पहाटे चूल पेटवायच्या, त्या मध्यरात्री हात धुवायच्या. दर बाईला अडीचशे. तंबू होते ते शेत माझ्या चुलत्याचं. त्याला स्टॅम्पपेपरवर सही घेऊन वर्षाचे काही हजार दिले होते. आमच्या वाडीची विहीर तेव्हा तळाला गेलेली, बाया रातच्याला हंडे घेऊन नंबर लावायच्या. आणि तंबूवर अंघोळीला, भांड्यांना पाण्याचे पिंप भरलेले.

तेही सोसलं असतं. पण एका सकाळी आय पलीकडच्या खाचराकडं निघाली, तर तिथला मुकादम म्हणाला, "मावशी, इकडून जाऊ नका, पाहुणे झोपलेत." ती वाट माझ्या आजीच्या, पणजीच्या पायांनी पडलेली. आय काही बोलली नाही. बांधावरून वळसा घालून गेली. त्या दिवशी मला कळलं की आपली काय चीज चालली आहे. मजुरी कमी मिळते ते एक झालं. इथं आपली वाटच आपल्याला परकी होते आहे.

आणि हे 'मावशी' प्रकरण काय आहे? आईच्या बहिणीला कुणी उष्टी ताटं उचलायला लावतं का?

वाटा कुणी पाडल्या?

शहरातली माणसं म्हणतात, अमक्यानं ही दरी शोधून काढली. साम्रदची घळ, जिला ते सांदण दरी म्हणतात, ती कुणाला हरवली होती? साम्रदवरून करोली घाटानं आपली माणसं डोक्यावर ओझं घेऊन कोकणात उतरत होती. हरिश्चंद्रगडाला साधले घाट आहे, नळीची वाट आहे. या वाटा दोर लावून कुणी काढल्या नाहीत. मीठ, भात, हिरडा वाहून, गुरं वळून, लेकी सासरी धाडून पडल्या. आपला राघोजी भांगरा याच मुलखातला, देवगावचा. असल्या डोंगरवाटांच्या जोरावर त्यानं इंग्रजांना वर्षानुवर्षं झुलवलं. १८४८ साली त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. आपल्या वाटांची किंमत तेव्हा सरकारला बरोबर कळली होती. ती आज आपल्याच पोरांना कळत नाही.

जरा मागं बघा. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. पाणी प्रवरेतून खालच्या ऊस-साखरेच्या पट्ट्याला गेलं, आणि धरणाच्या काठचा माणूस उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. मग लाकूडफाटा आणायला, गुरं चारायला जीव मुठीत धरून जायची पाळी आली. पाणी गेलं, रान गेलं. आता उरलं होतं ते फक्त बघायचं, डोंगर आणि धबधबा. त्याचाही कुणी दुसराच पैसा करतो आहे.

"पण रोजगार मिळतो ना?"

हे मला आपल्याच वाडीतली माणसं विचारतात. खरं आहे, मिळतो. ज्या घरानं अंगणात चूल मांडून पिठलं-भाकरी विकली, त्या घरात चार पैसे आले. वाट दाखवणाऱ्या पोरांना ऊस तोडायला, गवंड्याच्या हाताखाली जावं लागलं नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही. भांडी घासण्यातही कमीपणा नाही, घरी आपण घासतोच. कळसूचं भांडण भांड्यांशी नव्हतं. तिनं अट घातली होती, ती मोडली, म्हणून ती उठली. आपण अटच घातली नाही, मग मोडली म्हणून कुणाकडं रडणार?

अट नसली की काय होतं ते काजव्यांना विचारा. पावसाच्या तोंडाला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं लखलखतात. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीनं एकमेकांना घातलेली साद. त्यावर गाडीचे दिवे, बॅटऱ्या मारल्या तर ती साद पोचत नाही. झाडाखालच्या गवतात, मातीत त्यांची पिल्लावळ असते, ती बुटाखाली जाते. लोक काजवे बघायला येतात आणि त्यांचा वंशच तुडवून जातात. बाटल्या आणि प्लॅस्टिक आपल्या खाचरात राहतं. उद्या काजवे संपले तर तंबूवाला दुसऱ्या डोंगरावर जाईल. आपण कुठं जाणार?

कायदा आपल्या बाजूला आहे

पहिली गोष्ट, जमीन. महसूल कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायलाच काय, भाडेपट्ट्यानं किंवा गहाण द्यायलासुद्धा आधी कलेक्टरची परवानगी लागते. पट्टा पाच वर्षांपेक्षा जास्त असेल तर वर सरकारची मंजुरी पण लागते. नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे परवानगी नव्हे. ज्यांनी सह्या केल्या त्यांनी लाजू नये, घाबरू नये. कागद घेऊन संघटनेकडं या.

दुसरी गोष्ट, रान. वनहक्क कायदा २००६ अभयारण्यालाही लागू आहे. "इथं अभयारण्य आहे, तुमचा हक्क नाही" असं कुणी म्हणालं तर कायद्यातली वनजमिनीची व्याख्या त्याच्यापुढं ठेवा. कलम ३ मध्ये आपलं सामूहिक रान राखायचा, सांभाळायचा हक्क आहे. कलम ५ मध्ये तर सरळ लिहिलंय की त्या रानात कुणी कसं यायचं हे ग्रामसभा ठरवू शकते, आणि रानाला, जनावरांना बाधा होईल ते काम थांबवू शकते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. ते बांबूचा हिशेब ठेवतात, तर आपण वाटेचा हिशेब का ठेवू नये?

म्हणून आपल्या अटी

१. दर वाडीनं सामूहिक वनहक्काचा दावा टाकावा. जाणत्या म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. त्यांना विचारून आपल्या वाटांची यादी करा : वाटेचं नाव, कुठून कुठं जाते, मधे पाणी कुठं, देव कुठं.

२. नाक्यावर पावती कुणीही फाडो, जमा किती आणि खर्च कशावर, हे ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं पाहिजे.

३. काजव्यांच्या झाडाजवळ गाडी नाही, बॅटरी नाही, गाणी नाहीत, दारू नाही. किती माणसं आत सोडायची ते आपण ठरवू.

४. गावच्या विहिरीचं पाणी आधी घरच्या हंड्याला. उरलं तर पाहुण्याला.

५. वाट दाखवणारा आणि जेवण करणारी गावचीच. दर ग्रामसभा ठरवेल. तंबू लावायचे तर बचत गटानं लावावेत.

वनहक्काच्या सभेला गावची निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. बायांनो, तुम्ही आला नाहीत तर सभाच होत नाही. भाकरी थापून झाल्यावर येईन असं म्हणू नका, त्या दिवशी भाकरी पुरुषांना थापू द्या.

आणि आपल्यातल्या काही भावांना सांगणं आहे. तंबूवाल्याची गाडी आणि मोबाईल मिळाला म्हणून तुम्ही त्याच्या वतीनं चुलत्यांच्या सह्या आणता. तुम्हाला भागीदार म्हणतात, पण हिशेबाची वही कधी दाखवली का? एकदा मागून बघा. मग समजेल तुम्ही भागीदार आहात की दलाल.

पाहुण्याशी आपलं वैर नाही. दारी आलेल्याला आपण पाणी दिल्याशिवाय सोडत नाही. ज्याला डोंगर बघायचा त्यानं यावं, पायानं चढावं, मोल देऊन भाकरी खावी, देवीला हात जोडावे आणि आपला कचरा बरोबर न्यावा. पण आमच्या आयला तिच्या वाटेवरून वळसा घालायला लावायचा नाही.

कळसू एकटी होती, म्हणून तिला डोंगरावर जावं लागलं. आपण गावच्या गाव आहोत. आपल्याला कुठं जायचं नाही, इथंच बसून अट घालायची आहे.

पुढच्या ग्रामसभेला वाटांची यादी घेऊन या.

जल, जंगल, जमीन आमची! आमच्या गावात आम्हीच सरकार!